मुठीतली शेंग

बेसबॉलमध्ये आउट देताना उजवी मूठ वर करायची असते. कोपर खांद्याच्या उंचीला, मूठ घट्ट, आणि आवाज मैदानभर जाईल असा. माझं मात्र दर वेळी बोट वर जायचं.

ते बोट पप्पांचं. मार्केट यार्डातली हमाली आटोपून ते घरी आले की आमच्या गल्लीतल्या क्रिकेटला अंपायर म्हणून उभे राहायचे. त्यांनी बोट वर केलं की कितीही भांडखोर पोरगा बॅट टाकून निघायचा. आउट म्हणजे ते बोट, एवढंच मी लहानपणापासून पाहिलेलं.

कॉलेजात अंपायरिंग शिकवणारे सर म्हणाले, "अहो मॅडम, आपण क्रिकेट घरी ठेवून येत जा." सगळे हसले, मीही हसले. पण प्रॅक्टिकलमध्ये पास झाल्याशिवाय कॉलेजच्या सामन्यांना उभं राहता येणार नव्हतं. आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. एखादी गोष्ट जमत नाही, हे घरी सांगायला मला फार जड जातं.

तरी सांगितलं. "पप्पा, तिथं बोट चालत नाही."

ते आपल्या बोटाकडे बघत राहिले. मला वाटलं, उगाच बोलले.

"मग काय चालतं?"

मी मूठ दाखवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून भुईमुगाची शेंग काढून माझ्या हातात ठेवली. "ही धर. बोट उघडलं की पडंल. पडली तर मी खाणार."

मग गल्लीत सराव. पप्पा धावणार, पाण्याचा ड्रम म्हणजे बेस, आणि मी आउट देणार. पहिल्या संध्याकाळी ते पोटाला हात लावून आईला म्हणाले, "माझं जेवण झालं गं. पोरीनंच घातलं."

प्रॅक्टिकलच्या दिवशी मी पहिल्या बेसपाशी उभी होते, उजव्या मुठीत शेंग. एक फटका जमिनीवरून गेला. चेंडू आणि धावणारी मुलगी जवळजवळ एकदमच बेसवर पोचले. दोन्ही बाजूंनी ओरडा झाला. चेंडू बेसवरच्या खेळाडूच्या ग्लोव्हमध्ये टिकलाय का ते आधी बघा, मग हात उचला, असं सरांनी शिकवलं होतं. मी बघितलं. चेंडू तिचा पाय बेसवर पडण्याआधी आला होता, आणि टिकला होता.

"आउट!"

एवढा मोठा आवाज माझा असेल असं वाटलं नव्हतं. हात वर होता आणि मुठीत शेंग कडकन फुटली.

सर जवळ आले. "पास. हातात काय आहे?"

मी मूठ उघडली. टरफलं आणि दोन दाणे.

"क्रिकेट घरी ठेवलंत आणि किराणा घेऊन आलात," सर म्हणाले. पण हसत म्हणाले.

घरी पप्पा दारातच उभे होते. विचारायचा त्यांना धीर होईना. मी नुसती मूठ वर केली. त्यांनीही केली, पण सवयीनं बोट बाहेर आलंच.

"पप्पा, पडली तुमची शेंग," मी म्हटलं आणि राखून ठेवलेल्या दोन दाण्यांतला एक तोंडात टाकला. दुसरा त्यांच्या हातावर ठेवला.