आत्या आणि जहाजावरची ग्रॅच्युइटी

नांदेडच्या बसस्थानकावर लातूरची गाडी लागली की आत्या लगेच चढत नसत. आधी पाटी वाचायच्या, मग कंडक्टरला विचारायच्या, "लातूरलाच जाती ना?" त्याने हो म्हटलं की पुढे जाऊन ड्रायव्हरला तेच विचारायच्या. शेवटी खिडकीत बसलेल्या एखाद्या प्रवाशाला. तिघांचं जुळलं तरच पायरीवर पाय. एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, "आजी, माझ्यावर भरोसा न्हाई का?" आत्या शांतपणे म्हणाल्या, "तुज्यावर हाय की. पर पाटी कुनी लावली ते मला कुठं म्हाईत?"

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, गोदाबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. किनवटच्या एका निवासी शाळेच्या वसतिगृहात त्यांनी अठ्ठावीस वर्षं स्वयंपाक केला. पहाटे चारला चूल पेटवायची, दोनशे मुलांच्या भाकरी थापायच्या आणि त्याच हातांनी पातेली घासायची. रिटायर झाल्यावर त्या नांदेडला स्वतःच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. आम्ही लातूरला, मी शाळेत शिकवते आणि माझे यजमान सुहास एका खासगी कंपनीत आहेत. आत्या महिन्यातून एकदा यायच्या, चार दिवस राहायच्या आणि आमचं दूध, आमचा गॅस, आमचा डॉक्टर या सगळ्यांवर संशय घेऊन परत जायच्या.

लग्न ठरताना त्या मला बघायला आल्या, तेव्हा मी चहा दिला. त्यांनी विचारलं, "तूच केलास?" मी हो म्हटलं. त्या उठल्या, सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि माझ्या आईला विचारून आल्या. मला तेव्हा फार राग आला होता. पुढे कळलं की हा अपमान नव्हता. "इचारल्यानं मानूस लहान होत न्हाई," त्या म्हणायच्या, "न इचारल्यानं व्हतो."

तर अशा आत्यांना जहाजावर न्यायचं सुहासच्या डोक्यात आलं. मुंबईहून निघायचं, गोवा करून लक्षद्वीपला जायचं, पाच रात्री बोटीवर. त्यांच्या ऑफिसातल्या एकाने फोटो दाखवले होते. आत्यांना सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, "मला कामून समुद्रात नेताव? घर नावावर करून घ्यायचंय का?" सुहास हसले. आत्या हसल्या नाहीत. शेवटी मी म्हटलं, "आत्या, तुमचं घर नको आम्हाला. आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलंत, पाच दिवस कुणी तुम्हाला वाढू दे." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि "बगू" म्हणाल्या.

फॉर्म मी मोबाईलवर भरत होते. आत्या शेजारी बसून प्रत्येक ओळ वाचून घेत होत्या. नाव, वय, जेवण शाकाहारी की मांसाहारी, सगळं नीट चाललं होतं. मग एक ओळ आली: ग्रॅच्युइटी आधी भरणार का? हो किंवा नाही.

"काय म्हनलीस?" आत्यांचा आवाज बदलला.

"ग्रॅच्युइटी, आत्या."

"ती तर मानूस रिटायर झाल्यावर भेटते. आपुन कामून भरायची?"

मी समजावलं की इथे ग्रॅच्युइटी म्हणजे टीप, बक्षीस. बोटीवर जे खोली आवरतात, वाढतात, त्यांच्यासाठी. सुहास आतून ओरडले, "भरून टाक गं, तिथं कटकट नको." आत्यांनी माझ्या हातातला मोबाईल काढून पालथा ठेवला.

तो शब्द त्यांच्यासाठी साधा नव्हता. शाळा चालवणाऱ्या संस्थेने त्यांची ग्रॅच्युइटी सहा वर्षं अडवली होती. किनवटला जायचं, ऑफिसच्या बाहेर बसायचं, "फाईल वर गेलीय" ऐकायचं आणि रेल्वेने परत यायचं. शेवटी निम्म्याहून कमी पैसे देऊन सगळे मिळाल्याच्या कागदावर सही घेतली. आत्यांनी तो कागद वाचला होता. वाचूनच सही केली, कारण त्या वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

"वसतिगृहात पावने यायचे," त्या म्हणाल्या. "जेवन लई आवडायचं त्यांना. सैपाकवाल्या बायांना द्या म्हनून सायबाच्या हातात पैसे देऊन जायचे. आमी दाराआडून बघायचो. देतानी दिसायचं, पर आमच्यापतूर कधी आलंच न्हाई. आता ही बोटवाली कंपनी म्हन्ती, आधीच माझ्याकडं दे, मी वाटते. तिचा काय भरोसा?"

फॉर्म अर्धाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या लातूरच्या ट्रॅव्हल एजंटाच्या ऑफिसात गेल्या. एजंट गोड बोलणारा होता, आणि आत्यांना गोड बोलणारा माणूस म्हणजे धोक्याची पाटी. तो म्हणाला, "आजी, सगळ्या स्टाफमध्ये वाटलं जातं."

"सगळ्यात म्हंजे कुनाकुनात? भांडे घासनाऱ्याला भेटतं का?"

"भेटत असेल की."

"असंल म्हंजे तुला बी म्हाईत न्हाई."

एजंटाने हेल्पलाईनला फोन लावून दिला. तिथली मुलगी तेच वाक्य इंग्रजीत म्हणाली. आत्यांना इंग्रजी कळत नाही, पण त्या माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "हिला बी म्हाईत न्हाई." निर्णय झाला: आधी भरायचं नाही. जो काम करील त्याच्या हातात द्यायचं, त्याच्या डोळ्यांत बघून.

बोटीवर आमची खोली आवरायला फ्रान्सिस होता. गोव्यातल्या काणकोणचा, पंचेचाळिशीचा, कानाजवळ केस पिकलेले. मराठी चांगलं बोलायचा. पहिल्या सकाळी तो आला, तेव्हा खोली आवरलेली होती. आत्यांनी चादरी-पांघरुणांच्या घड्या घालून उशांसकट कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवल्या होत्या, वसतिगृहात ठेवतात तशा.

"मावशी, हे माझं काम आहे," फ्रान्सिस म्हणाला.

"तुजंच हाय. पर त्याचं तुला काय भेटतंय ते मला म्हाईत न्हाई. कळूस्तोर मी करते."

तो हसला आणि सगळं पुन्हा अंथरून गेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मात्र तो हसला नाही. दार लोटून हलक्या आवाजात म्हणाला, "मावशी, साहेब खोल्या तपासायला येतो. काल त्याने ही घड्यांची रास पाहिली. तो म्हणतो, मी पाहुण्यांकडून काम करून घेतो. माझी तक्रार लिहिली जाईल."

आत्यांचा चेहरा उतरला. आपल्यामुळे कुणाच्या कामावर गदा येईल हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या पलंगावर टेकल्या आणि त्यालाही बसायला सांगितलं. तो बसला नाही, उभाच राहिला.

"मला एक खरं सांग," आत्या म्हणाल्या. "तुला हातात दिलं तर?"

फ्रान्सिसने दार नीट लागलंय का ते पाहिलं. "हातात दिलं तर माझं. सगळं माझं."

"आन् तिकडं बोटीच्या हापिसाच्या खिडकीवर भरलं तर?"

"तर वाटे होतात. मी, जेवण वाढणारे, खाली कपडे धुणारे, भांडी धुणारे. मला थोडंच येतं."

"भांडेवाल्यांला खरंच भेटतं?"

"माझ्या माहितीप्रमाणे भेटतं. पण त्यांना हातात कोण देणार, मावशी? त्यांना पाहुणे बघतच नाहीत. वर यायची परवानगी नसते त्यांना."

मी आत्यांकडे पाहिलं. ज्यांच्यासाठी त्या एजंटाशी भांडल्या होत्या, नेमकी तीच माणसं त्यांच्या निर्णयामुळे वगळली जाणार होती. हे त्यांनाही त्याच क्षणी कळलं असावं, कारण त्यांनी पदर तोंडाला लावला.

पण संशय लगेच सुटणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. "मंग तू हातातच द्या म्हनायला पायजे व्हतं," त्या म्हणाल्या. "तुजा फायदा सोडून मला हे कामून सांगू लालास?"

"पहिली चार वर्षं मी खालीच होतो," फ्रान्सिस म्हणाला. "भांड्यांवर."

आत्यांनी त्याचे हात पुढे करायला लावले. त्याने केले. त्यांनी ते उलटेपालटे करून बघितले, नखांजवळची कातडी चाचपली. काय दिसलं त्यांना कुणास ठाऊक, पण त्या म्हणाल्या, "हाव. खरं बोलतोय."

शेवटच्या दिवशी आत्या स्वतः खिडकीवर गेल्या. सुहास पाकीट काढू लागले तर म्हणाल्या, "माझ्या वाट्याचं मी भरनार." खिडकीवरच्या बाईंना त्यांनी सांगितलं, पावतीवर भांडेवाल्यांचं नाव लिहा. तसं लिहिता येत नाही, बाई म्हणाल्या. आत्या पावती हातात धरून उभ्याच राहिल्या. मागे रांग वाढली. "कागदावर त्यांचं नाव न्हाई," त्या मला म्हणाल्या. "आमचं बी नव्हतं." तरी त्यांनी पैसे भरले. तिथून परत फिरताना त्या मला पहिल्यांदा म्हाताऱ्या वाटल्या.

बोटीच्या जेवणाचा भरवसा नाही म्हणून त्यांनी घरून धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. उरलेला डबा त्यांनी फ्रान्सिसला दिला. "हे तुज्या हातात. ह्याचे वाटे करायचे न्हाईत." तो वाकून त्यांच्या पाया पडला. आत्या दचकून मागे सरकल्या आणि "जयभीम" म्हणाल्या. त्यालाही हात जोडून तेच म्हणावं लागलं.

परत आल्यावर कुणी बोटीबद्दल विचारलं की आत्या समुद्राचं काही सांगत नसत. पाणी निळं होतं की काळं, त्यांच्या लक्षातच नव्हतं. मधेच मला विचारायच्या, "भांडेवाल्यांपतूर पोचलं असंल का गं?" भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना. मी म्हणायचे, "असेल, आत्या." त्यांना 'असेल' हा शब्द आवडत नसे.

गेल्या हिवाळ्यात नांदेडच्या दवाखान्यात त्यांना ठेवलं होतं. फुप्फुसात पाणी झालं होतं. सलाईन लावायला आलेल्या सिस्टरला त्या बाटलीवरची तारीख वाचायला लावत. मग बोलणं कमी झालं. एका दुपारी मी जवळ बसले होते, तेव्हा त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "पोचलं असंल का?"

त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "हो आत्या, पोचलं."

त्यांनी डोळे उघडले. "तुला कुनी सांगितलं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, लग्नाआधी चहाचा कप हातात घेऊन बघितलं होतं तसंच. शेवटी मी म्हटलं, "नाही माहीत, आत्या. मला खरंच नाही माहीत."

"मंग तसं म्हनावं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी माझा हात ओढून आपल्या गालाखाली घेतला आणि त्या निजल्या. संध्याकाळी सुहास डबा घेऊन आले, तरी मी तशीच वाकून बसले होते. दोन दिवसांनी आत्या गेल्या.