पाटलाच्या बैलाची वर्दी

"भाऊ तुहा मेला, पन वर्दी पाटलाची लागते. तू कोन बे?" चिखलीच्या ठान्यात जमादारानं असं इचारलं अन् वरून हातानंच हाकललं, कुत्र्याले हाकलते तसं.

मी कोन? गावचा महार. चोरी होवो, मारामारी होवो, पाटील तोंडी सांगे अन् मी पायी जाऊन ठान्यात खबर, म्हंजे वर्दी, द्यायचो. तवा हाच जमादार माह्या शब्दावर घोडं काढे. म्हनून वाटलं, आज आपलंबी ऐकतीन. येडाच मी! ते तोंड माहं नव्हतंच, पाटलाचं होतं.

भावाले ताप होता. वेठीले गेला नाही. पाटलानं चावडीसमोर त्याले काठीनं झोडपलं. सारं गाव पाहत होतं. दिवस बुडाच्या आंदी भाऊ गेला. पाटलानं सांगून टाकलं, "पटकीनं मेला." मारनाराच वर्दी देनार! कुंपनच शेत खाय, तं सांगाव कोनाले? नागपूरच्या सरकारचा कायदा आमच्या गावात पाटलाले इचारून येई.

पुढच्या सुगीत पाटलाचा ढवळा बैल मेला. कोनं तरी जहर घातलं, असा संशय. "पळ ठान्यात," पाटील म्हने. पळालो. दुपारी फौजदार हजर! ढोरांचा डाक्तरबी आला. पोट फाडून पाह्यलं. पंच बसले. फौजदार एकेकाले बोलावून इचारून राह्यला, कोनं पाह्यलं, काय पाह्यलं.

मी बाजूले उभा, आतून जळून राह्यलो. खोटं काऊन बोलू? मले त्या मेल्या बैलाचा हेवा वाटला. लय हेवा. त्याच्यासाठी डाक्तर, त्याच्यासाठी सवाल. माह्या भावाच्या फुटल्या डोक्याकडे कोनी वाकूनबी पाह्यलं नव्हतं. मानूस होऊन ढोराचा हेवा करा लागते. थू असल्या राज्यावर!

पंचनामा झाला. पाटील म्हने, "ओढ आता त्याले."

मेलं ढोर ओढनं आमचंच काम. दोर हातात होता. मी खाली टाकला.

"ओढत नाही. फौजदारसाहेब, बैलाची वर्दी मी आनली. आता माह्या भावाची घ्या. मारनारा तुमच्या बाजूलेच बसला हाय."

फौजदारानं पाटलाकडे पाह्यलं. लिहिलं काहीच नाही. पाटलाच्या गड्यानं माह्या पाठीत जोडा हानला.

बैल तिथंच सडला. आमच्या वस्तीतल्या एकानंबी हात लावला नाही.

पाटलाची वर्दी मी आता नेत नाही. महारकीचं वतन गेलं, जाऊ दे. दर बाजाराच्या दिवशी चिखलीले जातो, जमादाराच्या पुढे उभा राहतो अन् सांगतो, "पाटलानं माह्या भावाचा खून केला." तो हाकलते. मी पुढच्या बाजारी पुन्हा जातो. त्याले लिहा लागन. तवर मी जिता हाय.