नकोरावांनी पहिल्याच फेरीत चहा घेतला

नकोरावांना परदेशात उपाशी ठेवतात, अशी बातमी इमारतीत फिरली. पुरावा भक्कम होता. सुट्टीवर आलेले नकोराव दुसऱ्या मजल्यावर शिंपीणकाकूंकडे टेकले, काकूंनी रीतीप्रमाणे "चहा टाकू?" असं विचारलं आणि ते म्हणाले, "टाका." पहिल्याच फेरीत! काकूंची कात्री कापडात अर्ध्यावर थबकली. संध्याकाळी पहिल्या मजल्यावर नकोरावांचा हाडांचा सापळा झाला होता. बातमी तळमजल्यावर पोचली तोवर वहिनींनी तिकडे चार घरची धुणीभांडी धरली होती.

हे सगळं साफ खोटं. नकोराव तिकडे बाटल्या भरण्याच्या कारखान्यात मुकादम आहेत, वहिनी आणि मुलगी सोबत आहेत, आणि जिना चढताना पोट त्यांच्या आधी वर पोचतं. चहाचं मात्र खरं आहे, आणि ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

हे नाव त्यांना काही आईबापांनी ठेवलेलं नाही. तीनदा "नको" म्हटल्याशिवाय त्यांनी कधी कुणाकडे पाण्याच्या पेल्याला हात लावला नाही, म्हणून ते चिकटलं. मुलगी बघायला गेले तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "मग, पसंत आहे ना?" सवयीने तोंडातून गेलं, "नको, नको, कशाला उगाच!" सासरे जुने जाणते. त्यांनी आणखी दोनदा विचारलं आणि लग्न पार पडलं.

असा हा गृहस्थ फिटर म्हणून परदेशी गेला. खोलीत दोन खाटा होत्या, दुसऱ्या खाटेवर एक ट्रकड्रायव्हर. पहिल्या रात्री ड्रायव्हरने आपला पाव मोडला, अर्धा पुढे केला. नकोराव म्हणाले, "नको." ड्रायव्हरने मान डोलावली आणि तो अर्धा पाव त्यांच्यासमोर शांतपणे खाल्ला. नकोराव पाणी पिऊन आडवे झाले. माणूस चिक्कू आहे, एवढाच धडा त्यांनी घेतला. पुढे त्यांनी स्वतः भाजी केली, ड्रायव्हरला विचारलं, तो नको म्हणाला, तर यांनी डाव भरून त्याच्या ताटलीत वाढली आणि वर आणखी अर्धा डाव. बिचाऱ्याने खाली मान घालून संपवली. सकाळी विचारलं, "भाजी बिघडत आली होती का?"

कारखान्यात फिटरला घर मिळत नसे, मुकादमाला मिळे. इकडे वहिनींनी दोन मोठ्या बॅगा घेऊन, मुलीचे फ्रॉक भरून, त्या पलंगाखाली सारून ठेवल्या होत्या. केर काढताना रोज बॅगा बाहेर ओढायच्या, रोज आत ढकलायच्या. जुना मुकादम निवृत्त व्हायची दोघं नवराबायको देव पाण्यात घालून वाट बघत होती.

एक दिवस साहेबीणबाईंनी नकोरावांना वर बोलावलं. लोखंडी जिना चढून गेलं की काचेची खोली, खाली सगळा पट्टा दिसतो, बाटल्या एकमेकींना धक्के देत पुढे सरकताना. बाई म्हणाल्या, "मुकादमाची जागा रिकामी होतेय. तुम्ही घ्याल? घरही मिळेल."

नकोराव लाजले. "छे छे, मी कसला! माझ्यापेक्षा जाणती माणसं आहेत."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "स्पष्ट सांगितलंत, बरं झालं."

नकोराव खूश होऊन खाली आले. पहिली फेरी छान झाली होती. आता दुसरीची वाट. रोज दाढी करून जाऊ लागले. बाईंच्या काचेखाली एक बेअरिंग होतं, त्याला येता-जाता वंगण घालू लागले. त्या बेअरिंगचा जन्माचा अभ्यंग झाला, पण बाई काही खाली आल्या नाहीत. आठवडा संपला तेव्हा खोकी भरणारा उंच्या मुकादमाची टोपी घालून फिरत होता. बाईंनी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणे एवढंच बोलला होता, "हो. चावी कुठाय?"

त्या रविवारी वहिनींचा फोन आला.

"काय झालं हो त्या जागेचं?"

"विचारलं होतं मला."

"मग?"

"मी नको म्हटलं."



"कितीदा विचारलं?"

"एकदाच. पुढच्या दोन फेऱ्यांसाठी थांबलो होतो मी."

"अहो, ती काय तुमची आत्या आहे, हात धरून पाटावर बसवायला?"

"मग काय तोंड वेंगाडून मागू?"

"मागा! नाहीतर मी या बॅगा विकते, आणि तुम्ही त्या ड्रायव्हरशीच संसार करा."

नकोराव पुन्हा लोखंडी जिना चढले. पायऱ्या तेवढ्याच, पण या वेळी धाप लागली. "बाई, मला ती जागा हवी होती."

"मग नको का म्हणालात?"

"पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा जरा हळू. तिसऱ्यांदा घ्यायचं."

"आणि खरंच नको असेल तर?"

नकोराव विचारात पडले. सात पिढ्यांत हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. "तेव्हाही नकोच म्हणतो."

"मग समोरच्याला कळणार कसं?"

"त्याने ओळखायचं."

बाईंनी काचेतून खाली पाहिलं. "एवढ्या माणसांच्या मनातलं मी ओळखत बसले, तर बाटल्या कोण भरणार? ती जागा आता गेली. पुन्हा निघाली तर विचारीन. पण एकदाच."

मग नकोराव सरावाला लागले. ड्रायव्हर जे देईल त्याला "हो" म्हणायचं. सरावात पाव मिळाला, पण गळकी छत्री, एका बाहीचं जाकीट आणि त्याच्या पाळीचा मोरी घासण्याचा मानही मिळाला. "हो" म्हणताना दर वेळी कान लाल व्हायचे, दुसऱ्याच्या ताटातलं उचलल्यासारखं वाटायचं. असं करत जवळजवळ दोन वर्षं गेली. उंच्या दुसऱ्या कारखान्यात गेला आणि साहेबीणबाई पट्ट्याच्या खडखडाटात स्वतः खाली आल्या.

"मुकादमा—"

"हो!" नकोराव इतक्या जोरात ओरडले की दोघा कामगारांनी घाबरून पट्टा थांबवला.

वहिनी बॅगा घेऊन पोचल्या. आतले फ्रॉक मुलीला केव्हाच आखूड झाले होते. निघताना नकोराव जे बोळकं बघून गेले होते त्यात आता सगळे दात होते, आणि पोरगी आईच्या मागून त्यांच्याकडे पाहुण्याकडे बघावं तशी बघत होती. त्या आखूड फ्रॉकांतला एकही त्यांनी कुणाला देऊ दिला नाही. ते तेव्हा "नको" म्हणाले, आणि वहिनींनी पुन्हा विचारलं नाही.

एवढं सगळं शिंपीणकाकूंना कुठून ठाऊक असणार? त्यांनी चहा आणला, बशीत बिस्किटं ठेवली, आणि नकोरावांनी तीही लगेच उचलली तेव्हा मात्र त्यांना राहवेना.

"खरं सांगा हो भाऊ, तिकडे पोटाला मिळतं ना? नाही म्हणजे, पूर्वी किती भिडस्त होतात तुम्ही! माणसाने एकदा तरी नको म्हणावं."

नकोरावांनी बिस्कीट चहात बुडवलं, मोडायच्या आत तोंडात टाकलं, आणि म्हणाले, "म्हणालो होतो काकू एकदा. बायको-पोरगी दोन वर्षं उशिरा पोचली. दुसरा कप विचारायचा असेल तर आत्ताच विचारा, मी हो म्हणणार आहे."