चर्चच्या कपाटातले पूर्वज

भंडाऱ्यातल्या आमच्या छोट्या चर्चमध्ये एक लोखंडी कपाट आहे. त्यात जुनी रजिस्टरं. कोणाचा बाप्तिस्मा, कोणाचं लग्न, कोणाचं दफन. मी शाळेतून रिटायर झाले, तशी पाळकसाहेबांनी किल्ली माझ्या हातात दिली. "बाई, तुम्ही पोरांची अक्षरं वाचली, आता ही वाचा!"

मला वाटलं, धूळ झटकायची, बस. पण हल्ली ज्याला त्याला आपलं खानदान शोधायचं असतं. लोक पूर्वजांचं नाव घेऊन जातात आणि माझ्याजवळ एकेक किस्सा ठेवून जातात.

* * *

नागपूरचे एक बँक मॅनेजर आईला घेऊन आले. पणजोबा गोऱ्या साहेबाचे मुनशी होते, हे गाडीतून उतरतानाच सांगून टाकलं.

नोंद सापडली. धंद्याच्या रकान्यात लिहिलेलं, 'साहेबाचा खानसामा'.

"लिहिणाऱ्याची मिस्टेक असेल," मॅनेजर पुटपुटले.

आईचा चेहरा मात्र खुलला. "मिस्टेक कायची रे? तुह्या बापाच्या हातचं मटन आठव!"

* * *

करडीचं एक म्हातारं जोडपं आलं. नातीला वंशावळ हवी होती, जन्मतारखांसकट. नोंदी काढल्या, तर आजीच आजोबांपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या निघाल्या!

"बाई, मिटवा ते पान," आजी लाजून म्हणाल्या.

"राहू द्या जी," आजोबा म्हणाले. "जनमभर मीच काहून ऐकून राहिलो, ते आज समजलं!"

* * *

एका मुलीच्या वडिलांना होणारा जावई पसंत नव्हता. मुलगा नोकरीवाला, शांत, पण "खानदान माहीत नाही" हा हट्ट. मुलाच्या खानदानाचा छडा लावायला ते स्वतःच आले. मुलगीही मागोमाग आली, कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहिली. रडून रडून डोळे सुजलेले.

आधी त्यांच्याच आजोबांचं पान लागलं. अनाथ पोर, आईबाप माहीत नाहीत. बाप्तिस्म्याच्या वेळी साक्षीदार म्हणून ज्यानं सही केली, तो या होणाऱ्या जावयाचा पणजोबा!

त्यांनी त्या सहीवर बोट ठेवलं. मग मुलीकडे न पाहताच म्हणाले, "माझ्या आजोबाची जमानत यांच्याच घरानं घेतली होती. मी कोण खानदान विचारणारा?"

* * *

आणि बपेऱ्याचे तुळशीरामभाऊ. साठीचे शेतकरी. चपला बाहेर काढून दारातच उभे राहिले. "आमी हिंदू आहो जी. अंदर आलं तर चालते का?"

मी खुर्ची दिली. त्यांनी सांगितलं, मोठ्या दुष्काळात त्यांच्या पणजोबानं आपली लहान पोर, यमुना, इथल्या मिशनात ठेवली आणि तो कामाच्या शोधात गेला. वाटेतच पटकीनं मेला. घरी राहिलेला मुलगा, म्हणजे यांचे आजोबा, मरेपर्यंत एकच म्हणत, 'यमुनेले पाहा.' वडिलांच्यानं झालं नाही. आता हे आले होते.

खूप शोधल्यावर नोंद सापडली. यमुना, वय सहा, राहणार बपेरा. पुढे शेरा होता, 'बाप हयात. घ्यायला येईन म्हणाला.'

मी मोठ्यानं वाचलं. ते म्हणाले, "अजून एकडाव वाचा जी." मी वाचलं.

दफनाच्या रजिस्टरातही यमुना सापडली. मिशनच्या दवाखान्यात नर्स झाली, लग्न केलं नाही, म्हातारी होऊन गेली.

मी त्यांना कब्रस्तानात घेऊन गेले. दगडावर नुसतं नाव होतं. तुळशीरामभाऊंनी भोवतालचं गवत उपटलं आणि मूठभर माती दुपट्ट्यात बांधली. मग लहान पोरीशी बोलावं तसं हळूच म्हणाले, "चाल माय, घरी जाऊ."

मी त्यांना तुमसरच्या बसमध्ये बसवून दिलं. ते सरकून बसले आणि खिडकीजवळच्या जागेवर ती पुरचुंडी ठेवली. बस सुटायची होती, मी खाली खिडकीपाशीच उभी होते. कंडक्टर आला.

"किती?"

"दोन द्या जी," तुळशीरामभाऊ म्हणाले. "एक फुल, एक हाफ."