आडनाव ट्यूमर

तपासणी प्रयोगशाळेच्या खिडकीत बसणाऱ्या टायपिस्ट बाईंना सगळे ‘बिनघोरबाई’ म्हणत. डॉक्टर गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून निदान रेकॉर्डरमध्ये बोलून ठेवत. बाई कानाला हेडफोन लावून ते टाइप करत आणि खिडकीतून पाकीट देत. काम एवढंच. पण ‘ट्यूमर’ हा शब्द दिसला की भलेभले पुढचं वाचतच नाहीत, हे त्यांनी बावीस वर्षं पाहिलं होतं. म्हणून त्या आधी माणसाला बाकावर बसवत, पाणी देत, मग समजावत. ट्यूमर म्हणजे नुसती गाठ. ते झालं आडनाव. खरं बघायचं ते नाव. नाव ‘बिनाइन’ असेल, तर गाठ आपल्या जागी राहणारी, शरीरात इतरत्र हातपाय न पसरणारी. काढायची की ठेवायची, ते डॉक्टर ठरवतील. नाव दुसरं असलं, की बाई त्या माणसाला डॉक्टरांच्या दारापर्यंत सोबत करत.

एका सकाळी तपासणीच्या यादीत त्यांचाच नमुना होता. छातीतली गाठ; ठाऊक फक्त थोरल्या बहिणीला. डॉक्टरांपुढे नमुना नुसत्या नंबराने जाई. हेडफोनमध्ये तो नंबर आला, बाईंची बोटं थांबली. डॉक्टरांना आधी आडनाव घ्यायची सवय, हजेरी घेणाऱ्या मास्तरांसारखी. ‘‘ट्यूमर...’’

तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. एक आजोबा, हातात फोडलेलं पाकीट, चेहरा पांढराफटक.

बाईंनी रेकॉर्डर थांबवला. हेडफोन काढून ठेवला आणि त्या बाहेर आल्या. आजोबांना बसवलं, पाणी दिलं, कागद नीट वाचला.

‘‘आजोबा, आडनावावरून माणसाची परीक्षा करता का तुम्ही?’’

‘‘करतो की. व्याह्यांच्या बाबतीत केली आणि फसलो.’’

‘‘मग इथं परत फसू नका. नाव बघा, बिनाइन. बिनाइन म्हणजे बिनघोर.’’

आजोबांनी तो शब्द तीनदा म्हणवून घेतला. बाईंनी तिन्ही वेळा तितक्याच शांतपणे म्हटला. आत रेकॉर्डर ‘ट्यूमर’वरच थांबलेला होता; एवढा लांब विराम रंगमंचावरच्या कसलेल्या नटीलाही पेलला नसता.

मग त्या आत गेल्या. हेडफोन लावला, बटण दाबलं. शब्द ऐकला, टाइप केला, पुन्हा एकदा वाचून पाहिला. ग्लासभर पाणी घेऊन त्या बाहेर आल्या आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या बाकावर बसल्या.

आजोबा अजून तिथंच होते. ‘‘काय हो बाई, आता कुणाचा रिपोर्ट?’’

‘‘आहे एक ओळखीची,’’ बाई म्हणाल्या. ‘‘नाव चांगलं निघालं.’’