मामांच्या बेगमा
लाल किल्ल्यातल्या रंगमहालात मोगलांनी जेवढे संसार थाटले नसतील, तेवढे आमच्या हिच्या मामांनी एकट्याने मोडले. स्वतः बिनलग्नाचे. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे, आठवडाभर फायली या टेबलावरून त्या टेबलावर ढकलायचे आणि रविवारी महाराष्ट्रातून आलेला जो कोणी हाती लागेल, त्याला चिवड्याच्या डब्यासकट महालात न्यायचे. तिथे एका जाळीपाशी उभं राहून बेगमेच्या प्रेमाची गोष्ट सुरू. बेगम कुणावर भाळणार, ते पाहुणा बघून ठरायचं. छावणीतला सातारचा हवालदार असला की पहारेकऱ्यावर, बँकेतला असला की खजिनदारावर. एका दातांच्या डॉक्टरसाठी तर बिचारीची दाढ दुखली होती. शेवट मात्र कायम: बादशहाला कळायचं आणि प्रियकर जाळीतून थेट यमुनेत. यमुना केव्हाच लांब सरकून मध्ये रिंग रोड झाला होता, पण मामा त्याला बरोबर पाण्यातच पाडायचे. परवानेवाले गाइडसुद्धा आपली गिऱ्हाइकं उन्हात सोडून ऐकायला यायचे.

पुढे बाजार खुला झाला, नोएडात परदेशी टीव्ही जोडायचे कारखाने निघाले आणि त्यातल्या एकात मी इंजिनिअर म्हणून चिकटलो. मामांनी भाचीला दाखवायचा कार्यक्रम महालातच ठेवला. "घरी पोहे खाताना सगळेच सज्जन दिसतात," म्हणाले. मला ती पाहताक्षणी पसंत होती. तिच्या मनाचा काही थांग लागेना. माझ्यासाठी बेगम कारंज्यांच्या मिस्त्रीवर भाळली. मामा असे रंगले की आपण लग्न जमवायला आलोय हेच विसरले आणि मिस्त्रीला ओढत जाळीपर्यंत घेऊन गेले. मी जाळीपासून एक पाऊल मागे सरकलो.

"मामा," ती शांतपणे म्हणाली, "यांना पोहता येतं का, ते तरी विचारा."

मामा थबकले. वीस वर्षांत त्यांनी एकालाही सोडलं नव्हतं. मग घसा खाकरून म्हणाले, "बादशहाने माफ केलं. कारंजी छान उडत होती."

ती हसली, आणि हसताना माझ्याकडे पाहिलं. झालं, जमलं.

बसथांब्यावर मी सहज विचारलं, "मग पुढे काय झालं हो मामा, त्या दोघांचं?"

मामांनी चिवड्याचा डबा पिशवीत ठेवला. "ते नाही बुवा ठाऊक," म्हणाले. "इतक्या पुढे मी कधी गेलोच नाही." मग भाचीकडे वळून हळूच म्हणाले, "तू कळवत जा मला."