तिसगावच्या बाईंचं रक्त

नव्वदच्या दशकात मी संशोधनासाठी रक्ताचे नमुने घ्यायला तिसगावला गेलो होतो. तिथल्या एका घराण्यात चाळिशीनंतर पाय लुळे पडत. त्या घरातल्या, शेंगा फोडत बसलेल्या बाईंना मी जनुकावर अर्धा तास व्याख्यान दिलं. जनुकातला दोष दिसला की आजार आधीच कळतो, उद्या औषधही त्या दोषावरच शोधता येईल, वगैरे.

"आज औषध हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग मला काय बी कळवू नका. रगत मातुर घ्या. माज्या लेकीला उपेगी पडंल."

मला दोनदा शीर सापडली नाही. शेवटी त्यांनीच दंड आवळून ती दाखवली.

निकालांची यादी आली, तेव्हा त्यांच्या नावापुढचा निकाल मी सहकाऱ्याकडून नोंदवहीत उतरवून घेतला. वाचायची हिंमत या थोर संशोधकाला झाली नाही.